ग्राहक सेवा वापरतो आणि नंतर बँकेमार्फत पैसे परत ओढतो: चार्जबॅकला उत्तर कसे द्यावे?

जुळारी यांचा प्रश्न

नमस्कार.

आम्ही दोघे भागीदार मिळून एक छोटे सॉफ्टवेअर चालवतो. छायाचित्रकारांना आपल्या ग्राहकांना ऑनलाइन अल्बम दाखवता यावेत, एवढेच त्याचे काम. मासिक आणि वार्षिक अशा दोन वर्गण्या आहेत. शिवाय कोणाला स्वतःच्या संकेतस्थळाची मांडणी करून हवी असल्यास ते काम आम्ही वेगळी रक्कम ठरवून घेतो. महिन्याला साधारण ४०० व्यवहार होतात आणि जवळपास सगळे कार्डाने होतात. पहिली दोन वर्षे चार्जबॅक हा शब्द आम्ही फक्त गेटवेच्या (आमच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या) अटींमध्ये वाचला होता. गेल्या महिन्यात मात्र एकापाठोपाठ एक असे पाच आले. तीन ठिकाणी कार्डधारकाने ‘हा व्यवहार मी केलेलाच नाही’ असे बँकेला सांगितले आहे, एका ठिकाणी ‘सेवा मिळाली नाही’ आणि एका ठिकाणी ‘वर्गणी रद्द करूनही पैसे कापले’ अशी तक्रार आहे.

यांतले एक प्रकरण सविस्तर सांगते, कारण त्याने माझी झोप उडवली आहे. हे वार्षिक वर्गणीदार चौदा महिन्यांपासून आमच्याकडे आहेत. त्यांनी एकंदर ३१ अल्बम तयार केले, दोनदा मदतीसाठी आमच्याशी पत्रव्यवहार केला आणि तक्रार नोंदवली त्याच्या आदल्या दिवशीदेखील ते लॉगिन करून छायाचित्रे चढवत होते. दुसऱ्या वर्षाची वर्गणी कापली गेली आणि दोन महिन्यांनी बँकेकडून कळले की हा व्यवहार त्यांनी केलेलाच नाही. मी चार पानांचे पत्र लिहिले. त्यात आमच्या सेवेची ओळख, आमची सचोटी, ग्राहकाचा खोटेपणा असे सगळे होते. सोबत २३ स्क्रीनशॉट जोडले. निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि कारण म्हणून एकच ओळ आली: सादर केलेला पुरावा पुरेसा नाही.

दुसऱ्या एका प्रकरणात आम्ही स्वतःच्या हाताने नुकसान करून घेतले. चार्जबॅकची सूचना आल्यावर माझ्या भागीदाराने घाबरून त्या ग्राहकाला रिफंडही देऊन टाकला. ती रक्कम आमच्या खात्यातून आधीच वळती झालेली होती, त्यामुळे ग्राहकाला पैसे दोनदा मिळाले आणि चार्जबॅकचे शुल्क आम्ही भरले ते वेगळेच.

उरलेल्या प्रकरणांना उत्तर देण्यासाठी नऊ दिवस आहेत. अशा वेळी लढावे की सोडून द्यावे, पुरावा म्हणून नेमके काय पाठवावे, आणि ज्याने चार्जबॅक केला त्याचे खाते लगेच बंद करावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. गेटवे आमचेच खाते बंद करेल का, ही भीती वेगळी आहेच.


खतावणी यांचा प्रतिसाद

वर्गणीवर चालणाऱ्या एका कंपनीत मी नऊ वर्षे वसुलीचे हिशेब आणि चार्जबॅकची उत्तरे सांभाळतो आहे, त्यामुळे तुमचे चार पानी पत्र मला ओळखीचे वाटले. माझे पहिले पत्र सहा पानांचे होते आणि त्याचाही निकाल तुमच्यासारखाच लागला होता.

हे पत्र वाचते कोण, ते आधी लक्षात घ्या. तुम्ही गेटवेकडे पाठवलेला कागद तुमच्या बाजूच्या बँकेकडे जातो, तिथून व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या यंत्रणेतून ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे पोहोचतो. तिथे बसलेल्या माणसापुढे दिवसभरात अशी कितीतरी प्रकरणे येतात. तो ग्राहक खरा की खोटा, हे शोधण्याचे काम त्याच्याकडे नसते. समोरच्या तक्रारीवर जो रीझन कोड (तक्रारीच्या कारणाचा ठरावीक क्रमांक) लागला आहे त्या कोडचे उत्तर तुमच्या कागदात आहे की नाही, एवढेच तो पाहतो. तुमची सचोटी हा कोणत्याच कोडचा विषय नाही. लिंक दिली असेल तर ती उघडली जाईल असे धरून चालू नका, आणि स्क्रीनशॉटमधला मजकूर छापल्यावर वाचता येत नसेल तर तो नसल्यातच जमा.

तुमच्या पाच तक्रारी म्हणजे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. ‘व्यवहार मी केलाच नाही’ याला व्हिसामध्ये १०.४ आणि मास्टरकार्डमध्ये ४८३७ हा कोड असतो. ‘सेवा मिळाली नाही’ याला व्हिसाचा १३.१, तर रद्द केलेल्या वर्गणीला १३.२, मास्टरकार्ड हे दोन्ही प्रकार आणि ‘सांगितले तसे नव्हते’ ही तक्रारसुद्धा ४८५३ या एकाच कोडाखाली घेते. आता पाहा: तुमच्या छायाचित्रकाराची तक्रार १०.४ ची होती, म्हणजे बँकेचा प्रश्न होता की कार्ड वापरणारा माणूस कार्डाचा मालकच होता कशावरून. तुम्ही उत्तर दिले की सेवा व्यवस्थित पुरवली गेली. ते खरे असूनही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. चोरलेल्या कार्डावर घेतलेली सेवासुद्धा चोराला व्यवस्थितच मिळत असते.

या १०.४ बाबत एक नियम प्रत्येक डिजिटल विक्रेत्याला पाठ असायला हवा. एप्रिल २०२३ पासून व्हिसाने ‘कम्पेलिंग एव्हिडन्स ३.०’ लागू केले. त्याच कार्डावर तुमच्याकडे आधी झालेले दोन व्यवहार दाखवायचे. ते वादाच्या तारखेपासून मागे मोजल्यास १२० दिवसांहून जुने, पण ३६५ दिवसांच्या आतले असावेत आणि त्यांच्यावर फसवणुकीची तक्रार झालेली नसावी. मग वादातल्या व्यवहाराशी त्या दोन्ही व्यवहारांच्या किमान दोन खुणा जुळल्या पाहिजेत: आयपी पत्ता, डिव्हाइसची ओळख, लॉगिनचे नाव, पोहोचवण्याचा पत्ता यांपैकी कोणत्याही दोन, मात्र त्यांत आयपी किंवा डिव्हाइस यांपैकी एक हवेच. हे जुळले की नुकसानीची जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. इथे कोणाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही, हेच या नियमाचे मोल आहे.

यात एक मेख आहे, आणि ती तुम्हालाच लागू पडते. वार्षिक वर्गणीदाराचे १२० ते ३६५ दिवसांच्या पट्ट्यात दोन व्यवहार असणार कुठून? त्याचा मागचा हप्ता या चौकटीच्या काठावर किंवा बाहेरच पडतो. मासिक वर्गणीदाराचे मात्र सात-आठ व्यवहार सहज सापडतात. म्हणून तुमच्या हरलेल्या प्रकरणात हा नियम कामी आला नसता. उरलेल्या दोन ‘मी केलाच नाही’ प्रकरणांत मासिक वर्गणीदार कोणी आहे का, ते आजच तपासा.

उत्तराचा कागद कसा असावा, ते माझ्या एका जिंकलेल्या १३.१ वरून सांगतो. तक्रार अशी होती की पैसे भरले पण सेवा सुरूच झाली नाही. एका पानावर सर्वांत वर दोन वाक्ये: ग्राहकाने ३ मार्च रोजी वर्गणी घेतली, त्याच दिवसापासून २९ मार्चपर्यंत त्याने सेवा १७ वेळा वापरली. त्याखाली सर्व्हरच्या लॉगमधून (वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदींतून) काढलेला तक्ता, ज्यात तारीख, वेळ, आयपी पत्ता आणि ‘फाइल उतरवली’, ‘अहवाल तयार केला’ अशी केलेली कृती, एवढेच चार रकाने. त्याखाली त्याच ईमेल पत्त्यावरून आलेला त्याचा स्वतःचा प्रश्न: ‘अहवालातले रंग बदलता येतील का?’ बस. माझ्या मते त्या एका ओळीने काम केले; सेवा मिळाली नाही म्हणणारा माणूस तिच्यातले रंग बदलायला निघाला होता.

१३.२ ला उत्तर द्यायचे तर रद्द करण्याची पद्धत ग्राहकाला पैसे भरण्यापूर्वी दाखवली होती, त्याने ती मान्य केली होती आणि कापण्याच्या तारखेपर्यंत रद्द करण्याची विनंती आलेली नव्हती, हे तिन्ही दाखवता आले पाहिजे. यांपैकी एकही लंगडे असेल तर लढण्यात अर्थ नाही, मुकाट्याने मान्य करावे.

खाते बंद करण्याबद्दल: वाद आला की आधी पुढची वसुली थांबवा, नाहीतर महिनाभरात त्याच कार्डावरून दुसरा चार्जबॅक येईल. पण पैसे भरलेल्या मुदतीच्या मधेच रागाने प्रवेश बंद केलात तर ‘सेवा मिळाली नाही’ हे म्हणणे तुम्हीच खरे करून द्याल. पैसे परत गेल्याचे पक्के झाल्यावर बंद करा आणि बंद केल्याची तारीख नोंदवून ठेवा.

दोनदा गेलेल्या रकमेबाबत ताबडतोब उत्तर द्या आणि रिफंडची तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक त्यात लिहा. रिफंड आधीच दिला आहे, हेही चार्जबॅकला दिलेले एक उत्तरच आहे आणि अनेकदा बँक ते मान्य करते. पुढे मात्र नियम साधा ठेवा: वाद येण्यापूर्वी रिफंड, वाद आल्यानंतर फक्त उत्तर किंवा स्वीकार.

ही सगळी व्यवस्था विक्रेत्यांवर अन्याय करण्यासाठी जन्मलेली नाही, हेही जाता जाता सांगतो. अमेरिकेत १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्टने कार्डधारकाला चुकीच्या बिलावर दाद मागण्याचा हक्क दिला, कारण त्या हक्कावाचून लोक अनोळखी दुकानदाराला कार्डाचा क्रमांक द्यायला धजले नसते. तुमचे चारशे ग्राहकही तुम्हाला न पाहता पैसे देतात, ते याच भरवशावर.


दुसरी_बाजू यांचा प्रतिसाद

खतावणी यांनी लिहिलेले नियम बरोबर आहेत, पण भर चुकीच्या जागी पडतो आहे असे मला वाटते. चार्जबॅक जिंकल्याने पैसे परत येतात, मोजणीतून तो सहसा वजा होत नाही. कार्ड कंपन्या किती वाद आले ते मोजतात. किती जिंकलात हे सहसा त्या मोजणीत येत नाही. शिवाय कार्डधारकाच्या बँकेने माघार घेतली नाही तर प्रकरण प्री-आर्बिट्रेशन (दोन्ही बँकांमधली पुढची फेरी) आणि पुढे आर्बिट्रेशनपर्यंत (कार्ड कंपनीच्या अंतिम निवाड्यापर्यंत) जाते, आणि तिथे हरणाऱ्यावर पडणारे शुल्क एका वर्गणीच्या कितीतरी पट असते. दरमहाच्या लहान रकमेसाठी तिथपर्यंत जाणे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे.

मोजणी कशी होते ते सांगते. मास्टरकार्डच्या नियमानुसार एका महिन्यात किमान १०० चार्जबॅक आणि आधीच्या महिन्यातल्या व्यवहारांच्या तुलनेत किमान १.५ टक्के प्रमाण, अशा दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की विक्रेता जादा चार्जबॅकवाल्यांच्या यादीत जातो. व्हिसाने एप्रिल २०२५ पासून विक्रेत्यांवर नजर ठेवणारे जुने दोन कार्यक्रम मोडून एकच नवा आणला आहे, आणि त्यात फसवणुकीच्या नोंदी आणि वाद एकत्र धरले जातात. जुळारी यांचे ४०० व्यवहारांत ५ म्हणजे १.२५ टक्के होतात. संख्या इतकी लहान आहे की कार्ड कंपन्यांच्या यादीत त्या येणार नाहीत. पण गेटवेचे स्वतःचे नियम त्याहून कडक असतात आणि ते शंभरची वाट पाहत बसत नाहीत.

हे अनुभवाने सांगते. माझ्या आधीच्या व्यवसायात प्रमाण सलग दोन महिने वाढले, तेव्हा आमच्या गेटवेने एका सकाळी ईमेल पाठवून खाते बंद केले आणि शिल्लक रक्कम १८० दिवस अडकवून ठेवली. करार वाचल्यावर कळले की तसे करण्याचा अधिकार आम्हीच त्यांना सही करून दिला होता. त्याहून वाईट म्हणजे मास्टरकार्डची ‘मॅच’ नावाची यादी. अशा कारणाने खाते बंद झालेल्या विक्रेत्याचे नाव तिच्यात गेले तर ते पाच वर्षे राहते, आणि दुसरी बँक खाते उघडण्यापूर्वी ती यादी पाहते. आमचे नाव सुदैवाने तिच्यात गेले नाही.

म्हणून माझा सल्ला असा की पत्रे लिहिण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या दुप्पट वेळ वाद का निर्माण झाला हे शोधण्यात घालवा. ‘मी व्यवहार केलाच नाही’ म्हणणारा प्रत्येक जण लबाड नसतो; बऱ्याच जणांना स्टेटमेंटवरची ओळख पटलेली नसते. तुमचे नाव ग्राहकाच्या स्टेटमेंटवर कसे छापले जाते, ते तुम्ही कधी पाहिले आहे का?


जुळारी यांचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ‘दुसरी बाजू’ यांचा शेवटचा प्रश्न वाचून मी माझ्याच कार्डाने आमची मासिक वर्गणी घेतली आणि दोन दिवसांनी स्टेटमेंट उघडले. आमच्या सॉफ्टवेअरचे नाव तिथे कुठेच नव्हते. आम्ही नोंदणी केलेल्या भागीदारी संस्थेचे नाव होते, तेही बाविसाव्या अक्षरावर तुटलेले. ते नाव आमच्या संकेतस्थळावर तळाशी अगदी बारीक अक्षरांत सोडले तर कुठेही नाही; पावतीच्या ईमेलमध्येही नाही.

त्यानंतर ‘मी केलाच नाही’ म्हणणाऱ्या उरलेल्या दोनपैकी एका ग्राहकाला ईमेल केला, कोणताही आरोप न करता, फक्त काय झाले ते समजून घेण्यासाठी. त्यांनी तासाभरात उत्तर दिले. स्टेटमेंटवरचे नाव त्यांनी आपल्या ईमेलमध्ये शोधले, काहीच सापडले नाही, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘हा व्यवहार ओळखीचा नाही’ हे बटण दाबले. आपण वर्गणी भरतो आहोत ती हीच, हे त्यांना ठाऊकच नव्हते. चार्जबॅक मागे घेत असल्याचे त्यांनी लेखी दिले आहे.

वर्गणी रद्द करण्याच्या तक्रारीत मात्र ग्राहक खरे निघाले. त्यांचा रद्द करण्याचा ईमेल आमच्या स्पॅममध्ये पडून होता, कारण रद्द करण्यासाठी आम्ही ईमेल पाठवा असेच सांगत आलो आहोत. तो चार्जबॅक आम्ही मान्य केला.

आता राहिले ‘सेवा मिळाली नाही’ हे प्रकरण. ते वर्गणीचे नाही. संकेतस्थळाच्या मांडणीचे काम होते. काम तीन टप्प्यांत पूर्ण केले, ग्राहकाने दोन टप्पे पाहून पसंती कळवली, तिसऱ्यानंतर उत्तरच आले नाही आणि मग हा वाद आला. लॉगिनचा लॉग इथे काय कामाचा?


रेघोट्या यांचा प्रतिसाद

ग्राहकाच्या मागणीप्रमाणे करून दिलेल्या कामाचे दुखणे वेगळे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी बोधचिन्हे आणि संकेतस्थळांची मांडणी करतो आणि अशा प्रकारचे चार वाद लढलो आहे. दोन जिंकले, दोन हरलो. हरलेल्या दोन्ही वेळी काम चांगले होते, पण ते ‘दिले’ हे कागदावर कुठे दिसत नव्हते. मी फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवली होती आणि ग्राहकाला फोनवर सांगितले होते. फोनवर सांगितलेले बँकेला कसे दाखवणार?

तुमच्या बाबतीत दोन टप्प्यांची लेखी पसंती आहे, ही मोठी गोष्ट आहे. आधी ठरलेल्या कामाचे वर्णन, मग प्रत्येक टप्पा पाठवल्याची तारीख आणि त्याच्या खाली ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे, अशा क्रमाने एकच पान तयार करा. तिसऱ्या टप्प्याचे काम तुमच्या चाचणी सर्व्हरवर असेल तर ते ग्राहकाने उघडून पाहिल्याची नोंद सर्व्हरवर सापडते का, ते बघा. लॉगिनचा लॉग इथे खरोखरच उपयोगी पडू शकतो, फक्त तो वेगळ्या सर्व्हरवरचा असेल. आणि ते संकेतस्थळ ग्राहकाने स्वतःच्या पत्त्यावर सुरू केले असेल तर तारखेसह त्याचे चित्र घ्या. त्याहून चांगला पुरावा नाही.

पुढे ग्राहक ‘सेवा मिळाली नाही’ हे सोडून ‘सांगितले तसे काम नव्हते’ अशा भूमिकेवर जाऊ शकतो. व्हिसात त्याचा कोड १३.३ आहे. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: ग्राहकाने आधी विक्रेत्याशी बोलून वाद मिटवण्याचा प्रयत्न केलेला असावा, अशी अपेक्षा असते. त्याने तुम्हाला नापसंतीचा एकही शब्द कळवलेला नसेल तर ते आवर्जून लिहा. तुम्ही पाठवलेल्या आणि उत्तर न आलेल्या ईमेलच्या तारखासुद्धा लिहा.

पुढच्या कामांसाठी मी स्वतः काय बदलले ते सांगतो. पूर्ण रक्कम आगाऊ घेणे थांबवले, कारण शेवटच्या टप्प्यावर रुसलेला ग्राहक पूर्ण रकमेवर वाद घालतो. आता प्रत्येक टप्प्याचे वेगळे बिल असते आणि त्यावर ‘मुखपृष्ठाची मांडणी, दुसरी दुरुस्ती’ असे नेमके लिहिलेले असते. पुढच्या टप्प्याचे पैसे भरताना ग्राहकाला ‘मागचा टप्पा मला मिळाला आणि मान्य आहे’ या वाक्यापुढे खूण करावी लागते. मोठी रक्कम असेल तर ती मी कार्डाने घेतच नाही, बँकेतून बँकेत मागवतो. त्याला कार्डासारखा चार्जबॅक लागू होत नाही. काही ग्राहक यावर नाराज होऊन निघून गेले. त्यांच्यापैकी कोणी नंतर पैसे बुडवले असते असे माझे म्हणणे नाही, पण मी शांत झोपतो.

एक खबरदारी मात्र घ्या. काम आज संपले म्हणजे वादाची मुदतही आजपासून संपायला लागली, असे समजू नका. कार्डधारकाला साधारणपणे १२० दिवस मिळतात, पण सेवा पुढे मिळायची असेल तर हे दिवस ती मिळायच्या ठरलेल्या तारखेपासून मोजले जातात, आणि व्हिसामध्ये मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांपर्यंत ही शेपटी लांबू शकते. म्हणून ईमेल, मसुदे आणि पसंतीची पत्रे किमान दोन वर्षे पुसू नका.


पहारेकरी यांचा प्रतिसाद

कोणी थ्री-डी सिक्युअरचा विषय काढला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. पैसे भरताना ग्राहकाची बँक ओटीपी किंवा अ‍ॅपमधून ओळख पटवून घेते, ती ही व्यवस्था. ती पूर्ण झालेल्या व्यवहारावर नंतर ‘मी केलाच नाही’ अशी तक्रार आली तर नुकसान सहसा कार्ड देणाऱ्या बँकेचे होते, विक्रेत्याचे नाही. पण हे कवच फक्त फसवणुकीच्या कोडांपुरते आहे; ‘सेवा मिळाली नाही’ किंवा ‘रद्द केली होती’ यांना त्याचा उपयोग नाही. आणि वर्गणीवाल्यांनी हेही ओळखून असावे की पहिल्या व्यवहाराला मिळालेले कवच पुढे आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांना सहसा मिळत नाही, कारण तेव्हा ग्राहक समोर नसतो.

तिसरी ‘मी केलाच नाही’ ही तक्रार कोणाची आहे, ते जुळारी यांनी लिहिलेले नाही. ते खाते नवे असेल, नावापुढे विचित्र ईमेल पत्ता असेल आणि त्याच दिवशी लागोपाठ बरीच कार्डे नाकारली गेली असतील, तर तो चोरलेली कार्डे चालतात का हे तपासण्याचा प्रकार असू शकतो. स्वस्त मासिक वर्गणी यासाठी फार सोयीची पडते. अशा वेळी एका आयपीवरून तासाला किती प्रयत्न होऊ द्यायचे याला मर्यादा घाला, पैसे भरण्याच्या पानावर कॅप्चा लावा, आणि चालून गेलेले असे व्यवहार वाद येण्याची वाट न पाहता स्वतःहून रिफंड करा. बँकेने फसवणुकीची नोंद केली असेल तर ती रिफंडमुळे पुसली जात नाही, पण चार्जबॅक आणि त्याचे शुल्क तरी टळते.

व्याप वाढल्यावर व्हेरिफाय आणि इथोका यांच्या इशाऱ्यांचाही विचार करा. पहिली संस्था व्हिसाची आणि दुसरी मास्टरकार्डची आहे. या दोन्ही कार्ड कंपन्यांनी त्या २०१९ मध्ये विकत घेतल्या. ग्राहकाने बँकेकडे तक्रार केली की वाद औपचारिकपणे दाखल होण्याआधी तुम्हाला कळते आणि तेवढ्या वेळात रिफंड देऊन तो मिटवता येतो. प्रत्येक इशाऱ्याचे पैसे पडतात, त्यामुळे महिन्याला पाच वाद असताना हा खर्च करू नये, असे माझे मत आहे.


जुळारी यांचे उत्तर

पहारेकरी, तुमचा अंदाज बरोबर निघाला. तिसरे खाते अवघ्या एका दिवसाचे होते आणि त्याच्या आधीच्या वीस मिनिटांत ४० हून अधिक कार्डे नाकारली गेल्याचे लॉगमध्ये दिसले. तो वाद आम्ही लढणार नाही. त्या टोळीचे आणखी तीन व्यवहार चालून गेले होते. ते आज रिफंड केले आणि कॅप्चा लावला.

वर्गणीची ओळख न पटलेल्या ग्राहकाचे पत्र मिळाले आहेच. शिवाय ते मासिक वर्गणीदार आहेत आणि लॉगिनचे नाव व आयपी दोन्ही जुळतात. खतावणी यांना एक शेवटची शंका विचारते: ग्राहकाने माघार घेतल्याचे लेखी दिल्यावरही उत्तर पाठवावे लागते का, की वाद आपोआप बंद होतो?


खतावणी यांचा प्रतिसाद

आपोआप काही होत नाही. ग्राहकाने तुम्हाला काय लिहून दिले, हे बँकेला ठाऊक नसते. त्यांना त्यांच्या बँकेत फोन करून वाद मागे घ्यायला सांगा, बँकेने दिलेला संदर्भ क्रमांक मागून घ्या, आणि तरीही मुदत संपण्यापूर्वी ते पत्र व जुन्या दोन व्यवहारांचा तक्ता उत्तर म्हणून पाठवाच. ग्राहकाने शब्द पाळला पण विक्रेत्याने मुदतीत उत्तर दिले नाही, म्हणून हरलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

आणि त्या जुन्या दोन व्यवहारांचे कार्ड तेच आहे ना, हे पाठवण्यापूर्वी तपासा. मधल्या काळात त्यांनी कार्ड बदलले असेल तर आधीच्या कार्डावरचे व्यवहार त्या नियमात धरले जात नाहीत. मग फक्त पत्रावर भिस्त ठेवावी लागेल.